जबड्याच्या सौंदर्यशस्त्रक्रियेनंतरचा पश्चात्ताप : दुरुस्तीचे कोणते मार्ग खरोखर उपलब्ध असतात?

कोलशेत_खाडी (ठाणे पश्चिम)

नमस्कार. माझे वय ३१ आहे. मी कोलशेत भागात राहते आणि ऐरोलीला नोकरी करते. चौदा महिन्यांपूर्वी मुंबईतील एका खाजगी रुग्णालयात मी जबड्याचे दोन्ही कोपरे कमी करून घेतले आणि त्याच वेळी हनुवटीचे हाड कापून, अरुंद करून पुढे सरकवून घेतले. मला कोणताही आजार नव्हता आणि दातांचा चावाही व्यवस्थित होता. आपला चेहरा रुंद आणि राकट दिसतो असे मला कॉलेजात असल्यापासून वाटत होते, म्हणून पगारातून साठवलेले पैसे मी यासाठी वापरले. निर्णय सर्वस्वी माझा होता, घरच्यांचा विरोध असतानाही मी तो घेतला, हे आधीच स्पष्ट करते.

पहिले सहा महिने सूज उतरण्याची वाट पाहण्यात गेले. आता सूज नाही, आणि जे उरले आहे ते मला स्वीकारता येत नाही. कानाखालचा कोपरा जवळजवळ नाहीसा झाला आहे, त्यामुळे बाजूने पाहिल्यास गाल सरळ मानेत उतरल्यासारखा दिसतो. डावी बाजू उजवीपेक्षा जास्त कापली गेली आहे असे मला वाटते, परंतु शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांच्या मते हा माझा भास आहे. हनुवटीखालची त्वचा सैल पडली आहे. हनुवटीच्या मध्यभागी बोट फिरवले की हाड धरून ठेवणाऱ्या आतील धातूच्या प्लेटची कड लागते. खालच्या ओठाचा डावा भाग आणि हनुवटीची डावी बाजू अजून बधीर आहे; चहा पिताना ओघळ आला तरी तो रुमालावर दिसेपर्यंत मला कळत नाही.

गौरी-गणपतीत डोंबिवलीची आत्या घरी आली होती. तिने नेहमीप्रमाणे माझी हनुवटी धरून स्वतःच्या बोटांचा मुका घेतला, तेव्हा तिचा हात लागल्याचे मला फक्त उजव्या बाजूने समजले. नंतर ती आईला म्हणाली, ‘‘अगदी दादाची ठेवण होती गं हिच्या चेहऱ्याची.’’ बाबांना जाऊन चार वर्षे झाली. शस्त्रक्रियेपूर्वी आरशात पाहताना मला तो जबडा फक्त रुंद दिसत असे. तो बाबांचा आहे हे माझ्या मनातही आले नव्हते.

माझे प्रश्न असे आहेत. कापून टाकलेले हाड कोणत्याही मार्गाने परत मिळवता येते का? दुसरी शस्त्रक्रिया करायची असेल तर किती काळ थांबावे? इम्प्लांट, स्वतःचे हाड आणि फिलर (इंजेक्शनने त्वचेखाली भरायचे द्रव्य) यांत नेमका फरक काय? आणि सुरुवात कोणाकडे करावी, प्लास्टिक सर्जनकडे की जबड्याच्या सर्जनकडे? ज्यांनी स्वतः हे भोगले आहे त्यांनी कृपया लिहावे.

मुखशल्य (नवी मुंबई)

मी मॅक्सिलोफेशियल (जबडा आणि चेहऱ्याच्या हाडांचा) सर्जन आहे आणि नवी मुंबईत काम करतो. येथे रुग्ण मिळवण्याचा माझा हेतू नाही, म्हणून माझे नाव देत नाही आणि तुम्हीही विचारू नये. प्रत्यक्ष तपासल्याशिवाय निदान करता येत नाही, ही मर्यादा लक्षात ठेवून पुढचे वाचावे.

तुमच्या तक्रारी वेगवेगळ्या कारणांतून आलेल्या आहेत. कोपरा नाहीसा होणे हा हाडाचा प्रश्न आहे. त्वचा सैल पडणे हा मऊ ऊतींचा प्रश्न आहे, कारण हाडाचा आधार कमी झाला तरी त्यावरची त्वचा आणि चरबी पूर्वीइतकीच राहते. बधिरता मज्जातंतूची आहे आणि प्लेटची कड धातूची. या सगळ्यांवर एकाच शस्त्रक्रियेने उपाय होईल असे जो सर्जन सांगेल, त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नये, असे माझे मत आहे.

हाड परत मिळते का, याचे उत्तर ‘नाही’ असे आहे. जबड्याचा कोपरा कापला की तो पुन्हा वाढत नाही. दुरुस्तीच्या शस्त्रक्रियेत जुना चेहरा परत आणला जात नाही, तर आहे त्या हाडावर नवी बांधणी केली जाते. ती चांगली होऊ शकते, पण ती तिसरी गोष्ट असते, पहिली नव्हे. हे मनाला पूर्ण पटल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर जे रुग्ण अधिक दुःखी झालेले मी पाहिले, त्यांतील बहुतेकांना मनातून पहिला चेहराच हवा होता.

मात्र हनुवटीची गोष्ट वेगळी आहे. हनुवटी सरकवताना कापलेला तुकडा टाकून देत नाहीत. तो आतील बाजूच्या स्नायूंना जोडलेला राहतो, त्यांतूनच त्याला रक्त मिळते, आणि नव्या जागी तो प्लेट-स्क्रूने धरला जातो. म्हणून तो पुन्हा कापून मागे, पुढे किंवा वर-खाली नेता येतो. अरुंद करण्यासाठी मधली पट्टी काढली असेल तर तेवढे हाड मात्र गेलेले असते, आणि रुंदी हवी असल्यास मध्ये हाडाचा कलम भरावा लागतो. तुमच्या बाबतीत हनुवटीखालचा सैलपणा कदाचित पूर्णपणे त्वचेचा नसेल. हनुवटीवर मेंटॅलिस नावाचा स्नायू असतो. तोंडातून छेद घेताना तो हाडापासून सोडवावा लागतो आणि शेवटी नीट टाके घालून पूर्वीच्या उंचीवर बसवावा लागतो. तो खाली बसला तर हनुवटीचे मांस खाली लोंबते आणि ओठ मिटताना हनुवटीवर ताण येऊन खळगे पडतात. आरशासमोर ओठ हलके मिटून पाहा आणि असे होते का ते तुमच्या डॉक्टरांना सांगा. हे कारण असेल तर स्नायू पुन्हा वर बसवण्याची शस्त्रक्रिया तुलनेने लहान असते.

आता कोपऱ्याकडे येतो. येथे मुख्यतः तीन पर्याय आहेत. सीटी स्कॅनवरून खास तुमच्यासाठी बनवलेला इम्प्लांट हा पहिला. तो पीक नावाच्या कठीण प्लास्टिकचा, टायटॅनियमचा किंवा सच्छिद्र पॉलिएथिलीनचा असतो. पीकचा आकार अचूक मिळतो आणि स्क्रूने तो घट्ट बसतो, पण हाड त्याच्याशी एकजीव होत नाही. सच्छिद्र पॉलिएथिलीनमध्ये ऊती शिरतात, त्यामुळे ते हलत नाही. परंतु त्याच कारणाने पुढे काढायची वेळ आली तर ते काढणे फार कठीण जाते. हे इम्प्लांट बहुधा तोंडातून घातले जातात आणि तोंडात जंतू असतातच, म्हणून संसर्गाचा धोका कायम गृहीत धरावा लागतो. संसर्ग आटोक्यात आला नाही तर इम्प्लांट काढावा लागतो. आणखी एक धोका रुग्णांना क्वचितच सांगितला जातो. चावण्याचा मोठा स्नायू जबड्याच्या कोपऱ्याला खालून वेढून बसलेला असतो. इम्प्लांटसाठी जागा करताना तो वेढा तुटला तर स्नायू वर सरकतो, आणि दात आवळले की गालात गोळा उठून खाली खळगा दिसतो. तुमचा हा भाग एकदा उघडलेला आहे, त्यामुळे तेथे व्रणऊती असणार आणि हा धोका वाढतो.

दुसरा पर्याय म्हणजे कमरेच्या किंवा कवटीच्या हाडाचा कलम. ते तुमचेच हाड असल्याने शरीर ते नाकारत नाही, पण वरून बसवलेल्या कलमाचा काही भाग कालांतराने विरघळतो, आणि तो दोन्ही बाजूंना सारखा विरघळेल असे सांगता येत नाही. जेथे मिलिमीटरचा फरक डोळ्यांना खुपतो तेथे मी हा पर्याय सहसा पुढे करत नाही.

तिसरा पर्याय फिलर किंवा स्वतःची चरबी. हायलुरॉनिक आम्लाचा फिलर तात्पुरता असतो, पण नेमका त्याचाच येथे उपयोग आहे : कोपरा थोडा भरल्यावर चेहरा तुम्हाला आपला वाटतो का, हे कायमचे काही न करता पाहता येते, आणि पटले नाही तर हायलुरॉनिडेज देऊन तो विरघळवता येतो. चुकून रक्तवाहिनीत गेला तर गंभीर इजा होऊ शकते, म्हणून तो पार्लरमध्ये कधीही घेऊ नका. जे फिलर विरघळवता येत नाहीत ते या अवस्थेत नकोतच.

बधिरतेबद्दल लिहिताना मला वाईट वाटते. खालच्या ओठाची संवेदना देणारा तंतू जबड्याच्या आतून येतो आणि उपदाढांच्या खाली असलेल्या छिद्रातून बाहेर पडतो. बाहेर येण्यापूर्वी तो अनेकांमध्ये थोडा खाली वळसा घेतो, म्हणून हनुवटीचा छेद त्या छिद्राच्या निदान ५ मिलिमीटर खालून घ्यायचा असतो. ताणामुळे आलेली बधिरता प्रामुख्याने पहिल्या वर्षात कमी होते. त्यानंतर सुधारणा मंदावते. कापूस, टाचणी आणि दोन टोकांचा कंपास वापरून तुमच्या ओठाची संवेदना मोजून तिचा नकाशा कागदावर काढून घ्या. दुसऱ्या शस्त्रक्रियेत तोच तंतू पुन्हा ताणला जाणार आहे, हे विसरू नका.

थांबण्याचा काळ तुमच्या बाबतीत झालेला आहे. साधारण वर्षभरात सूज पूर्ण उतरते आणि हाड स्थिरावते. कोणाकडे जावे याला एकच उत्तर नाही. एमडीएस केलेले जबड्याचे सर्जन आणि एमसीएच केलेले प्लास्टिक सर्जन हे दोघेही हे काम करतात. पदवीपेक्षा, त्यांनी इतरांच्या बिघडलेल्या शस्त्रक्रिया किती दुरुस्त केल्या आहेत हे विचारा. मुंबईत सरकारी दंत महाविद्यालय, नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय आणि केईएमचा प्लास्टिक सर्जरी विभाग येथे, ज्यांना तुमच्या शस्त्रक्रियेतून काही मिळवायचे नाही अशा लोकांचे मत मिळू शकते. ठाण्याहून रांगेत उभे राहण्यासाठी एक सुट्टी जाईल, पण ती घ्यावी असे मी म्हणेन.

जाण्यापूर्वी एक गोष्ट मिळवा, ती सर्वांत मोलाची आहे : शस्त्रक्रियेपूर्वीचा तुमचा सीटी स्कॅन. फिल्म नव्हे, सीडीवरील मूळ डेटा. आत्ताचा १ मिलिमीटर किंवा त्याहून पातळ कापांचा स्कॅन त्यावर संगणकात बसवला की डावीकडे किती हाड गेले आणि उजवीकडे किती, हे मोजता येते. मग भास आहे की नाही यावर वाद उरत नाही.

नेरुळ_सेक्टर_अठरा

मी पुरुष आहे, वय ३८. कोरियात सोलला जाऊन गालाची हाडे आत घेण्याची शस्त्रक्रिया करून आलो होतो. त्या पद्धतीत गालाचे हाड पुढून तोंडातून आणि मागून कानाजवळ असे दोन ठिकाणी कापून आत ढकलतात. परत आल्यावर दोन महिन्यांनी चपाती चावताना उजव्या गालात टकटक होऊ लागली आणि गाल खाली उतरला. तेथील क्लिनिकला फोटो पाठवले की ‘सूज आहे, वाट पाहा’ एवढेच उत्तर येई. शेवटी मुंबईत सीटी काढला तेव्हा मागचा छेद जुळलाच नसल्याचे दिसले. चावण्याचा स्नायू त्याच हाडाला लटकलेला असतो, तो प्रत्येक घासाला हाड खाली ओढत होता.

दहाव्या महिन्यात ते हाड वर उचलून नव्या प्लेटने बांधले. टकटक पूर्ण थांबली. गालाचा उतार बराच कमी झाला, पण गेला नाही, आणि पूर्वीचा चेहरा आला नाही. तरी मी समाधानी आहे, कारण माझ्या सर्जनने आधीच कागदावर लिहून दिले होते की टकटक थांबेल, उतार किती कमी होईल ते सांगता येणार नाही. तुम्हीही एकेका तक्रारीसमोर अपेक्षित फरक लिहून मागा.

एक व्यावहारिक अडचण सांगतो. जुनी प्लेट काढायची असेल तर ती कोणत्या कंपनीची आणि कोणत्या मापाची आहे याची नोंद हवी. प्रत्येक कंपनीच्या स्क्रूच्या डोक्याची खाच सारखी नसते आणि तिला चालणारा स्क्रूड्रायव्हर शस्त्रक्रियेच्या टेबलावर नसेल तर खोळंबा होतो. माझी ऑपरेशन नोट कोरियन भाषेत होती, तिचे भाषांतर करून घेण्यातच तीन आठवडे गेले.

खारघर_टेकडी

माझ्या धाकट्या बहिणीच्या हनुवटीची शस्त्रक्रिया तीन वेळा झाली आहे, त्या अनुभवावरून लिहिते. पहिल्या वेळी खरोखर दोष राहिला होता. दुसऱ्या वेळी तो दुरुस्त झाला. तिसऱ्या वेळी आम्हा कोणालाही दोष दिसत नव्हता, तिला मात्र दिवसातील तीन-चार तास आरशात आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यात तोच दिसत होता. मानसोपचारतज्ज्ञांनी त्याला शरीरप्रतिमेचा विकार म्हटले आणि समजावले की या विकारात शस्त्रक्रियेने समाधान बहुधा मिळत नाही, मिळाले तरी ते दुसऱ्या अवयवावर सरकते. गोळ्या आणि समुपदेशन यांनी ती आज बरी आहे.

तुम्हाला हा विकार आहे असे मी मुळीच म्हणत नाही. बधीर ओठ हा काही मनाचा खेळ नव्हे. पण तुमच्या लिहिण्यात बाबांचे दुःखही आहे, आणि ते कोणत्याही सर्जनच्या कक्षेत येत नाही. त्याबद्दल स्वतंत्रपणे कोणाशी तरी बोला. रात्री फार त्रास झाला तर सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मिळते, मराठीतही बोलतात. आम्ही तिचा उपयोग केला आहे.

नौपाडा_वकील

कागदपत्रांपुरते लिहितो. रुग्णाने लेखी मागणी केल्यावर वैद्यकीय नोंदी ७२ तासांत द्याव्यात, असे भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांत आहे, आणि नोंदी उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षे जपून ठेवण्याचे बंधनही त्यांतच आहे. अर्जात ऑपरेशन नोट, संमतिपत्र, प्लेट-स्क्रूंचे स्टिकर आणि सीटीची सीडी यांचा नावानिशी उल्लेख करा आणि पोच घ्या. भांडणाची भाषा नको.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून २ वर्षे आहे. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली स्पष्ट केले आहे. परंतु परिणाम न आवडणे म्हणजे निष्काळजीपणा नव्हे. तो तज्ज्ञाच्या मताने सिद्ध करावा लागतो. संमतीचा मुद्दा वेगळा आहे. २००८ च्या समीरा कोहली प्रकरणात न्यायालयाने म्हटले की उपचाराचे स्वरूप, पर्याय आणि मोठे धोके यांची पुरेशी माहिती देऊन घेतलेली संमतीच खरी संमती ठरते. तुमच्या संमतिपत्रात ओठाच्या कायम बधिरतेचा उल्लेख आहे का, ते पाहा. शस्त्रक्रियेची घाई करू नका असे डॉक्टर सांगत आहेत ते योग्यच आहे, पण कागदांची घाई मात्र करा. तुमचे चौदा महिने गेलेले आहेत.

खर्चाचाही विचार असू द्या. निव्वळ सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया आरोग्यविम्यात सहसा बसत नाही आणि तिच्यावर जीएसटीही लागतो. न जुळलेले हाड किंवा मज्जातंतूची इजा असे वैद्यकीय कारण असेल तर ते डॉक्टरांकडून स्पष्ट लिहून घ्या आणि विमा कंपनीला आधी लेखी विचारा.

कोलशेत_खाडी (ठाणे पश्चिम)

सर्वांचे मनापासून आभार. सात आठवड्यांनी लिहीत आहे, कारण या काळात बरेच काही झाले.

अर्ज दिल्यावर चौथ्या दिवशी रुग्णालयाने फाइल आणि सीडी दिली. नवा स्कॅन मी वाशीला काढला आणि दोन्ही घेऊन दोन ठिकाणी गेले, एकदा मुंबईच्या सरकारी रुग्णालयात आणि एकदा अशा खाजगी सर्जनकडे ज्यांना मी आधीच सांगितले की त्यांच्याकडून शस्त्रक्रिया करून घेणार नाही. स्कॅन एकमेकांवर बसवल्यावर डाव्या कोपऱ्याची उंची १३ मिलिमीटरने आणि उजव्याची ८ मिलिमीटरने कमी झालेली दिसली. तो आकडा पाहून मी रडले. हाड गेले म्हणून नव्हे. वर्षभर मला जे दिसत होते ते खरे होते म्हणून.

मेंटॅलिस स्नायूबद्दलची शंका बरोबर निघाली. ओठ मिटताना माझ्या हनुवटीवर खळगे पडतात. प्लेटचा एक स्क्रू थोडा वर आलेला आहे. हाड मात्र व्यवस्थित जुळले आहे, त्यामुळे प्लेटची आता गरज नाही. ओठाचा नकाशा काढला. टाचणीची टोच डावीकडे समजते, कापसाचा स्पर्श समजत नाही. यात फार बदल होण्याची आशा धरू नये, असे दोघांनीही सांगितले. संमतिपत्रात बधिरता ‘तात्पुरती’ एवढीच लिहिली आहे. त्याचे काय करायचे याबद्दल एका वकिलांना भेटले आहे आणि मुदतीच्या आत निर्णय घेईन.

माझा विचार असा ठरला आहे. प्लेट काढायची आणि त्याच वेळी स्नायू वर बसवून घ्यायचा. हनुवटीचे हाड पुन्हा कापायचे नाही, कारण उरलेली संवेदना मला धोक्यात घालायची नाही. डाव्या कोपऱ्यात फक्त उजव्याची बरोबरी होईल इतका हायलुरॉनिक फिलर घेऊन पाहायचा, आणि इम्प्लांटचा प्रश्न किमान एक वर्ष उघडायचाच नाही. आठवड्यातून एकदा एका समुपदेशक बाईंकडे जाते. तेथे जबड्याबद्दल कमी आणि बाबांबद्दल जास्त बोलणे होते.

एक शंका उरली आहे. प्लेट काढण्याच्या आधी फिलर घेतला तर कार्यालयातील दिवाळीच्या कार्यक्रमापूर्वी दोन्ही बाजू सारख्या दिसतील. तसे करावे का?

मुखशल्य (नवी मुंबई)

करू नका. तोंडातून छेद घेतला की जंतू आसपास पसरण्याची शक्यता असते आणि ताजा फिलर जवळ असेल तर त्यात संसर्ग बसू शकतो. शिवाय शस्त्रक्रियेच्या सुजेत दोन बाजूंची तुलना करणेही अशक्य होते. आधी प्लेट आणि स्नायू, मग तोंडातील जखम पूर्ण भरून सूज उतरल्यावर नवे फोटो, आणि त्यानंतरच फिलर. दिवाळी तशीच जाऊ द्या. फिलर देणाऱ्या डॉक्टरांकडे हायलुरॉनिडेज हाताशी ठेवलेले असते का, हे वेळ ठरवण्यापूर्वीच विचारा, आणि प्लेट व सर्व स्क्रू निघाले की एखादा आत राहिला, याची नोंद डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या.